अजमानहून डिजिटल कॉन्टेस्ट: आधी नियम, मग सेटिंग

ऑगस्टमधल्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरचे हौशी रेडिओवाले एफटी८ आणि एफटी४ या दोन डिजिटल पद्धतींवर चोवीस तास एकमेकांना शोधत असतात. ही वर्ल्ड वाइड डिजी डीएक्स कॉन्टेस्ट, २०१९ साली सुरू झालेली. जागतिक वेळेनुसार ती शनिवारी दुपारी बाराला सुरू होते. त्या वेळी अजमानमध्ये दुपारचे चार आणि पुण्या-मुंबईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. २०२२च्या जानेवारीपासून अमिरातीत साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी आली. तोवर रविवार हा कामाचा दिवस होता आणि अर्ध्या स्पर्धेवर पाणी सोडावं लागे. आता पूर्ण चोवीस तास बसता येतं.

अमिरातीतून बोलणाऱ्याला या स्पर्धेत मोठी मागणी असते. ए६ने सुरू होणारे कॉलसाइन बँडवर फार नसतात, त्यामुळे तुमचा सीक्यू, म्हणजे सर्वांसाठीची हाक, दिसला की युरोपातून पाच-सहा जण एकदम हाक मारतात. तुमचं एक सेटिंग चुकलेलं असेल, तर तितक्या सगळ्यांचा वेळ जातो आणि त्यांना कारणही कळत नाही. म्हणून डिजिटल सॉफ्टवेअरमधला ‘कॉन्टेस्ट मोड’ काय करतो, तो कधी लावायचा आणि कधी काढायचा, हे एकदा नीट समजून घेऊ. अजमान, शारजा, दुबईतल्या मराठी हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, समोर ठेवून हे लिहिलं असलं, तरी नाशिक, पुणे, नागपूरच्या वाचकांनाही ते तसंच उपयोगी पडेल.

परवान्याचं आधी पाहा

भारतातला परवाना अमिरातीत आपोआप चालत नाही. इथे प्रक्षेपण करायचं तर टीडीआरए, म्हणजे दूरसंचार आणि डिजिटल शासन नियामक प्राधिकरणाची परवानगी लागते. भारतातून रेडिओ संच आणायचा असेल तर तो बॅगेत टाकण्यापूर्वी त्याच प्राधिकरणाकडे विचारणा करा. एमिरेट्स अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ही इथली हौशी रेडिओवाल्यांची संस्था आहे. नवख्या माणसाने तिथल्या अनुभवी सदस्यांशी बोलून घ्यावं. नुऐमिया किंवा रशिदियातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर गच्चीवर तार ओढण्याआधी इमारतीच्या मालकाची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. परवाना हाती येईपर्यंत नुसतं ऐकण्याचा सराव करायचा असेल, तरी त्याबद्दलचे इथले नियम आधी विचारून घ्या.

कॉन्टेस्ट मोड नेमकं काय बदलतो

एफटी८ आणि एफटी४साठी सर्वाधिक वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्स. ते प्रिन्स्टन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी सुरू केलं. जोडीच्या पल्सारच्या शोधासाठी १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या दोघांपैकी ते एक. एफटी८ २०१७ साली आलं. ‘एफटी’मधला ‘एफ’ त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांचा आणि ‘टी’ टेलर यांचा. एफटी८मध्ये प्रत्येक पाळी १५ सेकंदांची असते, त्यातले सुमारे १२.६ सेकंद प्रक्षेपण चालतं. २०१९ साली खास स्पर्धांसाठी आलेल्या एफटी४मध्ये पाळी साडेसात सेकंदांची आणि प्रक्षेपण सुमारे पाच सेकंदांचं. एफटी४ दुपटीने वेगवान आहे, पण क्षीण सिग्नल पकडण्यात एफटी८ साडेतीन डेसिबलने सरस आहे.

कॉन्टेस्ट मोडची गरज का पडते, ते एका संदेशात किती मावतं यावरून कळतं. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून प्रत्येक संदेश ७७ बिटांचा झाला. नेहमीच्या संदेशात प्रत्येक कॉलसाइनला २८ बिट आणि त्याच्या शेपटीसाठी १ बिट, असे दोन कॉलसाइनचे ५८ बिट जातात. १ बिट ‘आर’साठी, म्हणजे ‘तुझं मिळालं’ हे सांगायला. ३ बिट संदेशाचा प्रकार सांगतात. उरले १५. या १५ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६८ वेगळ्या गोष्टी सांगता येतात. स्टेशनची जागा सांगणारे चार अक्षरी ग्रिड चौकोनच पृथ्वीवर ३२,४०० आहेत. शिल्लक राहिलेल्या थोड्या जागांत सिग्नल रिपोर्ट, आरआर७३ (‘सगळं मिळालं, निरोप’), ७३ (‘निरोप’) वगैरे बसवले आहेत.

म्हणजे एका संदेशात ग्रिड तरी जातं किंवा रिपोर्ट तरी. दोन्ही बरोबर जात नाहीत. नेहमीच्या संपर्कात आधी ग्रिड, मग रिपोर्ट असा क्रम असतो. वर्ल्ड वाइड डिजीमध्ये रिपोर्टला काही किंमत नाही, फक्त ग्रिडची देवाणघेवाण मोजली जाते. म्हणून त्या मोडमध्ये सॉफ्टवेअर रिपोर्टचा टप्पाच गाळतं आणि त्याच्या जागी ‘आर’ लावून ग्रिड पाठवतं. कॉन्टेस्ट मोड लावला की हवेत जाणारा संदेशच बदलतो. दोन्ही टोकांची अपेक्षा एकच नसेल, तर सिग्नल कितीही जोरदार असला तरी संपर्क पूर्ण होत नाही.

कोणता पर्याय कधी

फाइल मेनूतून सेटिंग्ज उघडा आणि अ‍ॅडव्हान्स्ड या पानावर जा. तिथे ‘स्पेशल ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाची चौकट आहे. तिच्यावर खूण केली की आतले पर्याय निवडता येतात. स्पर्धेच्या नावाशी जुळणारा पर्याय शोधत बसू नका. नियमावलीत ‘देवाणघेवाण’ या कलमाखाली काय लिहिलंय ते वाचा आणि त्याप्रमाणे निवडा.

देवाणघेवाण चार अक्षरी ग्रिडची असेल आणि स्पर्धा वर्ल्ड वाइड डिजी असेल, तर ‘डब्ल्यूडब्ल्यू डिजी’. अमेरिकेच्या एआरआरएल या संस्थेची डिजी कॉन्टेस्ट जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. तीही ग्रिडवरच चालते आणि नव्या आवृत्त्यांत तिचा स्वतंत्र पर्याय आहे. ती अजमानच्या वेळेनुसार शनिवारी रात्री दहाला सुरू होते.

डिसेंबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारची एफटी राउंडअप वेगळी आहे. तिथे अमेरिका-कॅनडाची स्टेशनं रिपोर्टबरोबर आपलं राज्य किंवा प्रांत पाठवतात आणि बाकीचं जग रिपोर्टबरोबर अनुक्रमांक. ‘एफटी राउंडअप’ हा पर्याय निवडला की शेजारच्या रकान्यात अजमानवाल्याने, तसंच पुणेवाल्यानेही ‘डीएक्स’ एवढंच लिहायचं. मग ०००१, ०००२ असे क्रमांक सॉफ्टवेअर स्वतः लावतं. या रकान्यात ‘यूएई’ किंवा ‘अजमान’ लिहू नका. जुन्या आवृत्तीत हाच पर्याय आरटीटीवाय राउंडअपच्या नावाने दिसतो.

उत्तर अमेरिकेचा व्हीएचएफ, युरोपचा व्हीएचएफ आणि फील्ड डे या पर्यायांशी अमिरातीतल्या हॅमचा एरवी संबंध येत नाही. ‘फॉक्स’ आणि ‘हाउंड’ हे स्पर्धेचे पर्यायच नव्हेत. दूरच्या बेटावर गेलेली मोहीम फॉक्स म्हणून एकाच वेळी अनेकांना उत्तर देते आणि बाकीचे हाउंड होऊन तिला हाक मारतात, त्यासाठी ते आहेत. एफटी८च्या रोजच्या फ्रिक्वेन्सीवर फॉक्स-हाउंड चालवायचं नसतं. चुकून हाउंडवर खूण राहिली तर साधे संपर्क विस्कटतात, म्हणून तेवढं एकदा तपासा.

कीबोर्डवरून चालणाऱ्या आरटीटीवायच्या स्पर्धा या चौकटीतून होत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारच्या सीक्यू वर्ल्ड वाइड आरटीटीवायसाठी एफएलडिजी किंवा एमएमटीटीवायसारखी सॉफ्टवेअर लागतात. तिथे देवाणघेवाणीत रिपोर्ट आणि सीक्यू झोन जातो. अमिरातीचा झोन २१, भारताचा २२. सुट्टीला गावी जाऊन तिथून खेळणार असाल, तर मॅक्रोमधला झोन बदलायला विसरू नका.

आदल्या संध्याकाळची तयारी

ही कामं शुक्रवारी संध्याकाळीच उरका. शनिवारी पावणेचारला सेटिंग्ज उघडून बसलात तर काहीतरी राहून जातं.

पहिलं काम घड्याळाचं. एफटी८ आणि एफटी४ दोन्ही वेळेवर चालतात. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. मग पडद्यावरचा ‘डीटी’ रकाना पाहा. बहुतेक स्टेशनांसमोर शून्याच्या आसपासचे आकडे दिसले तर तुमचं घड्याळ बरोबर. सगळ्यांसमोर एकाच बाजूचा सेकंदाएवढा फरक दिसत असेल, तर चूक तुमच्या घड्याळात आहे. पाळीच अर्ध्यावर आल्यामुळे एफटी४मध्ये ही चूक जास्त महागात पडते.

दुसरं, जनरल पानावरचा कॉलसाइन आणि ग्रिड. अजमान शहर, शारजा, दुबई आणि रास अल खैमा ही शहरं एलएल७५ या चौकोनात येतात. अबू धाबी शहर एलएल७४मध्ये, फुजैरा एलएल८५मध्ये. हजर डोंगररांगेतलं मसफूत हा अजमान अमिरातीचाच भाग आहे, पण त्याचं ग्रिड एलएल८४. शहरातल्या एसी आणि एलईडी दिव्यांच्या गोंगाटापासून सुटायला कुणी परवान्याच्या अटीत राहून तिकडे अँटेना उभारणार असेल, तर ग्रिड बदलावंच लागेल. रेखांशाची ५६ अंशाची रेघ तिथून जवळ आहे, म्हणून जीपीएसवर जागा पाहून मगच ग्रिड भरा. या स्पर्धांत ग्रिड हीच तुमची देवाणघेवाण असते. ते चुकलं तर चोवीस तासांचा प्रत्येक संपर्क चुकीचा ठरतो.

तिसरं, रेडिओ पानावर ‘स्प्लिट ऑपरेशन’साठी ‘रिग’ किंवा ‘फेक इट’ निवडा. यामुळे प्रक्षेपणाचा आवाज १५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात राहतो आणि त्याची हार्मोनिक्स इतरांच्या अंगावर जात नाहीत.

चौथं, रिपोर्टिंग पान. तिथे दोन सोयी आहेत. एकीत संपर्क संपला की सॉफ्टवेअर ‘लॉग करू का’ असं विचारतं, दुसरीत न विचारता नोंदवतं. दुसरी फक्त स्पर्धेसाठीच आहे. नवख्याने पहिल्या स्पर्धेत विचारणारी सोय ठेवावी. हात बसला की स्वयंचलित नोंद घ्यावी, कारण दर वेळी खिडकी बंद करण्यात एक पाळी जाऊ शकते.

पाचवं, कलर्स पान. वर्ल्ड वाइड डिजीमध्ये गुणक ग्रिडच्या पहिल्या दोन अक्षरांवर ठरतो. ही दोन अक्षरं म्हणजे ‘फील्ड’. या पानावर ‘ओन्ली ग्रिड फील्ड्स सॉट’ अशी एक खूण आहे. ती केली की बँडवर नवा फील्ड दिसताच तो रंगाने उठून येतो. ही खूण पुष्कळांच्या नजरेतून सुटते, पण या स्पर्धेत तिच्याइतकी उपयोगी दुसरी सोय नाही.

सहावं, लॉग. आधीच्या लॉगची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग फाइल मेनूतून ‘रीसेट कॅब्रिलो लॉग’ करा. ते राहिलं तर मागच्या स्पर्धेतले संपर्क नव्या नोंदींत मिसळतात आणि अनुक्रमांकही मागच्या ठिकाणापासून पुढे चालू राहतो. एन१एमएम लॉगर प्लससारखं वेगळं लॉगिंग सॉफ्टवेअर जोडलेलं असेल, तर तिथेही तीच स्पर्धा निवडलेली हवी.

शेवटी अ‍ॅडव्हान्स्ड पानावरची खूण आणि पर्याय. बाहेर आल्यावर मुख्य खिडकीत स्पर्धेचं नाव ठळकपणे दिसतं. ते दिसलं तरच मोड लागला असं समजा.

एक संपर्क जवळून

आता अजमान आणि पुणे यांच्यातला एक संपर्क पाहू. कॉलसाइनच्या जागी गावांचीच नावं घेऊ. पहिलं नाव ज्याला संदेश पाठवायचा त्याचं, दुसरं पाठवणाऱ्याचं.

पहिल्या पाळीत अजमान म्हणतं: सीक्यू डब्ल्यूडब्ल्यू अजमान एलएल७५.
दुसऱ्या पाळीत पुणे उत्तर देतं: अजमान पुणे एमके६८.
तिसऱ्या पाळीत अजमान: पुणे अजमान आर एलएल७५.
चौथ्या पाळीत पुणे: अजमान पुणे आरआर७३.

झाला संपर्क. नेहमीच्या पद्धतीत सहा पाळ्या लागतात, इथे चारच. म्हणजे एफटी८वर एक मिनिट आणि एफटी४वर अर्धं. आरआर७३ पाठवताना पुणे नोंद करतं, ते मिळताच अजमान नोंद करतं आणि लगेच पुढचा सीक्यू लावतं.

आता समजा, पुण्याचा मोड बंद आहे. पहिल्या दोन पाळ्या अगदी तशाच जातील, कारण पुण्याचा पहिला संदेश दोन्ही पद्धतींत सारखाच असतो. गाडी अडते तिसऱ्या पाळीला. पुणे सिग्नल रिपोर्टची वाट पाहत असतं आणि त्याला ‘आर एलएल७५’ मिळतं. त्याच्या दृष्टीने उत्तर आलंच नाही. ते पुन्हा ग्रिड पाठवतं, अजमान पुन्हा ‘आर एलएल७५’. दोन्ही टोकांना सिग्नल स्वच्छ दिसत असतात आणि संपर्क जागच्या जागी अडून राहतो. एखादं स्टेशन तोच संदेश पुनःपुन्हा पाठवतंय असं दिसलं, तर बहुतेकदा दोन्हीकडचे मोड वेगळे असतात.

उलटही होतं. अजमानचा मोड बंद आणि समोरच्याचा चालू असेल, तर अजमान रिपोर्ट पाठवतं आणि समोरचा ग्रिडची वाट पाहतो. अशा वेळी काही प्रसंगी सॉफ्टवेअर स्वतःच ‘अमुक मोडमध्ये जायचं का’ असं विचारतं. ती सूचना घाईने बंद करू नका, वाचा.

गुणांचं गणित अजमानहून

वर्ल्ड वाइड डिजीमध्ये प्रत्येक संपर्काला १ गुण आणि अंतराच्या दर ३००० किलोमीटरला आणखी १. अजमानहून मुंबई सुमारे १९०० ते २००० किलोमीटर, म्हणून १ गुण. लंडन सुमारे ५५०० किलोमीटर, म्हणून २. टोकियो ७९०० किलोमीटरच्या आसपास, ३. न्यूयॉर्क ११ हजारांच्या आसपास, ४. सिडनी १२ हजारांवर, ५. या सगळ्या गुणांच्या बेरजेला प्रत्येक बँडवर मिळालेल्या वेगवेगळ्या फील्डच्या संख्येने गुणायचं. एका स्टेशनशी एका बँडवर एकदाच बोलता येतं, मग ते एफटी८वर असो वा एफटी४वर.

गुण एकच असला म्हणून महाराष्ट्राकडे दुर्लक्ष करू नका. फील्डच्या सीमा उत्तर अक्षांश २० अंशावर आणि पूर्व रेखांश ८० अंशावर येतात आणि दोन्ही रेघा महाराष्ट्रातून जातात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर एमके फील्डमध्ये. जळगाव, अमरावती, नागपूर एमएलमध्ये. गोंदिया ८० अंशाच्या पलीकडे एनएलमध्ये. एकाच राज्यातल्या या गावांत तीन गुणक. पुण्याचं एक स्टेशन मिळालं म्हणून नागपूरच्या हाकेला उत्तर न देणं म्हणजे हातचा गुणक सोडणं. अमिरातीतल्या आणि महाराष्ट्रातल्या मराठी हॅमनी आपापसात आधी ठरवून चाचणी जरूर घ्यावी. मात्र स्पर्धेच्या वेळेत एकमेकांना बाहेरून फोन करून ‘आता मला हाक मार’ असं सांगू नये. संपर्क रेडिओवरच ठरला आणि रेडिओवरच पुरा झाला पाहिजे.

तुमच्या सीक्यूला एकाच वेळी अनेक जण उत्तर देतात, तेव्हा कुणाला घ्यायचं हेही सेटिंगमध्ये आहे. नव्या आवृत्त्यांत ‘फर्स्ट’ आणि ‘मॅक्स डिस्ट’ असे पर्याय मिळतात. पहिल्याने आधी दिसलेलं स्टेशन घेतलं जातं, दुसऱ्याने सर्वांत दूरचं. संध्याकाळी युरोपाची गर्दी असताना मधूनच येणारी दक्षिण अमेरिका ‘मॅक्स डिस्ट’ने सापडते. नवा फील्ड रंगाने चमकला तर हाताने तोच निवडा, दुरून येणाऱ्या एका जादा गुणापेक्षा नवा गुणक मोलाचा असतो.

वेळेचा साधारण अंदाज असा ठेवा. शनिवारी दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत १५ आणि १० मीटरवर युरोप शोधा. संध्याकाळपासून २० मीटर, रात्र चढली की ४० मीटर. उत्तररात्री ८० मीटर आणि शक्य असेल तर १६०. पहाटे उजाडताना ४० आणि २० मीटर सोडू नका. सकाळी वरच्या बँडवर जपान आणि पूर्व आशिया येतो. सूर्यावरच्या हालचालींप्रमाणे हे मागेपुढे होतं, म्हणून बँड बंद वाटला तरी दर तासाला एकदा ऐकून या.

शेजारधर्म

अजमान, शारजा आणि दुबई एकमेकांना लागून आहेत. नुऐमियातलं एक स्टेशन पहिल्या पाळीत आणि शारजाच्या अल नहदातलं दुसऱ्या पाळीत प्रक्षेपण करत असेल, तर दोघंही एकमेकांना बहिरं करतात. जवळपासच्या सगळ्यांनी एकाच पाळीत प्रक्षेपण केलं की सगळ्यांना एकाच पाळीत ऐकता येतं. मुख्य खिडकीतली ‘टीएक्स ईव्हन’ ही खूण त्यासाठीच. आदल्या दिवशी गटात निरोप टाकून कोणती पाळी घ्यायची ते ठरवा आणि चोवीस तास पाळा.

एफटी८ची रोजची जागा, २० मीटरवर १४.०७४ मेगाहर्ट्झ, स्पर्धेत नसलेल्यांसाठी मोकळी ठेवा. नियमावलीत स्पर्धेसाठी सुचवलेल्या फ्रिक्वेन्सी असतात. त्या सेटिंग्जमधल्या फ्रिक्वेन्सीज पानावर आधीच भरून ठेवा, म्हणजे ऐन वेळी आकडे टाइप करावे लागत नाहीत. ‘होल्ड टीएक्स फ्रीक’वर खूण करून धबधब्याच्या चित्रात रिकामी जागा पाहून तिथे बसा. त्यामुळे दर उत्तरागणिक तुमचा सिग्नल दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसत नाही.

शक्तीही आवरून वापरा. डिजिटल प्रक्षेपणात पूर्ण पाळीभर वाहक लहर सुरू असते. १०० वॉटचा संच चोवीस तास १०० वॉटवर चालवणं म्हणजे त्याच्या शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर भाजणं. ऑगस्टच्या उन्हाळ्यात तर अधिकच. ३० ते ५० वॉट पुरतात. ध्वनीची पातळी इतकीच ठेवा की एएलसीचा काटा जेमतेम हलेल किंवा हलणारच नाही. बाल्कनीत बसवलेली अँटेना असेल तर घरातल्यांपासून सुरक्षित अंतर ठेवा आणि प्रक्षेपण चालू असताना मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सॉफ्टवेअर पुष्कळ काही आपोआप करतं, पण प्रत्येक संपर्काला माणसाने स्वतः सुरुवात करून द्यायची असते. संगणक चालू ठेवून झोपायचं आणि सकाळी लॉग मोजायचा, हे नियमात बसत नाही. तसंच एका बँडवर एका वेळी एकच सिग्नल पाठवायचा. काही सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी अनेकांना उत्तर देण्याची सोय असते, ती या स्पर्धेत बंद ठेवा.

अडलं तर

समोरचा पुनःपुन्हा रिपोर्ट पाठवतोय आणि सुटका होत नाही. तो स्पर्धेत नाही असं समजा. काही क्षण अ‍ॅडव्हान्स्ड पानावरची खूण काढून त्याचा संपर्क नेहमीच्या पद्धतीने पुरा करा, किंवा मोकळ्या मजकुराचा एक संदेश पाठवा. मोकळ्या मजकुरात जास्तीत जास्त १३ अक्षरं मावतात, म्हणून मजकूर आधीच ठरवून ठेवा.

कुणीच दिसत नाही, पण धबधब्यात रेघा भरपूर आहेत. आधी घड्याळ पाहा, मग एफटी८ आणि एफटी४ची अदलाबदल झाली का ते पाहा. सॉफ्टवेअर २.०पेक्षा जुनं असेल तर नवे संदेश उलगडतच नाहीत, ताबडतोब आवृत्ती बदला. मात्र ते शुक्रवारी सकाळी करा, स्पर्धा सुरू झाल्यावर नव्हे.

एखाद्याने लॉग केलं आणि तुम्हाला त्याचं आरआर७३ मिळालंच नाही. त्याला पुन्हा ‘आर एलएल७५’ पाठवा, तो परत आरआर७३ देईल. तो निघून गेला असेल तर अर्धवट संपर्क लॉगमध्ये घुसवू नका.

संपल्यावर

रविवारी दुपारी चार वाजता स्पर्धा संपते. सर्वांत आधी अ‍ॅडव्हान्स्ड पानावरची खूण काढा. मोड चालूच राहिला, तर सोमवारी एखादा नवखा तुम्हाला हाक मारेल, त्याला रिपोर्टऐवजी ‘आर एलएल७५’ मिळेल आणि त्याच्या पहिल्या अमिराती संपर्कावर पाणी पडेल.

मग ‘एक्स्पोर्ट कॅब्रिलो लॉग’ करून फाइल तपासा. वरच्या मजकुरात स्पर्धेचं नाव, गट, शक्ती आणि ग्रिड बरोबर आहेत ना, ते पाहा. नसेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये दुरुस्त करा. खालच्या संपर्कांच्या ओळींना हात लावू नका. लॉग पाठवण्याची मुदत थोडी असते, म्हणून त्याच संध्याकाळी पाठवलेला बरा. लॉग पाच संपर्कांचा असला तरी पाठवाच. समोरच्या स्टेशनांची पडताळणी तुमच्या लॉगशी होते, आणि बँडवर क्वचित दिसणाऱ्या ए६चा लॉग आयोजकांच्या फार कामाचा असतो.

पहिल्या वर्षी गुणांचा विचार करू नका. एकच बँड, एकच मोड, पन्नास स्वच्छ संपर्क, एवढं ठरवा. नियमावली आधी वाचा, सेटिंग नंतर लावा आणि संपताच काढून टाका. अजमानमध्ये, शारजात, पुण्यात किंवा गोंदियात तुमच्या ओळखीचा कुणी नवा परवानाधारक असेल, तर या वर्षी त्याला शेजारी बसवून एक संपर्क करून दाखवा. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो स्वतःच्या कॉलसाइनवर हजर असेल.